ब्लॉक बदलायचा की उघडायचा? एका रेंडर मशीनच्या वॉटर कूलिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातला एक छोटा स्टुडिओ. वास्तुविशारदांना इमारतींची, बंगल्यांची संगणकावर चित्रं करून द्यायची हे त्यांचं काम. माणसं पाच आणि रेंडरचं, म्हणजे अंतिम चित्र तयार करणारं, मोठं मशीन एकच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मशीनमध्ये रायझन ९ ५९५०एक्स. हा प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आला. १६ कोअर. खोक्यावर १०५ वॉट लिहिलेलं असलं तरी पूर्ण भाराखाली सॉकेटमधून १४२ वॉट घ्यायची त्याला मुभा असते, आणि तापमान ९० डिग्रीला टेकलं की तो आपणहून वेग उतरवतो. थंड करायला पाण्याची व्यवस्था: एक डी५ पंप, ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, छोटी टाकी, पारदर्शक मऊ ट्यूब आणि निकेलचा मुलामा दिलेला तांब्याचा सीपीयू ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा ठोकळा, ज्याच्या आतल्या खाचांतून पाणी वाहतं. ग्राफिक्स कार्ड हवेवरच थंड होत होतं. हे सगळं तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी जुळवलं होतं, आणि तेव्हापासून कुणी उघडलेलं नव्हतं. मधे एकदा टाकीतलं पाणी कमी झालं म्हणून ऑफिसच्या आरओ फिल्टरचं पाणी त्यात ओतलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी सहज बोलता बोलता कळलं.

अडचण

मे महिन्याचा दुसरा आठवडा. बाहेर ४४-४५. बसायच्या हॉलमध्ये कूलर होता, पण मशीन मागच्या बंद खोलीत, धूळ नको म्हणून. दुपारी त्या खोलीत ३८ ते ४० डिग्री. रात्री एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, ४१ मिनिटांत निघायची, दुपारी तिलाच ४४ मिनिटं. तीन मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण मोठं काम दहा दिवसांवर आलं होतं आणि स्क्रीनवर ९० हा आकडा दिवसभर हलत नव्हता. मालकांची झोप त्या आकड्याने उडाली होती.

त्यांचं निदान तयार होतं. टाकीतलं प्रवाह दाखवणारं छोटं चाक सुस्त फिरत होतं. म्हणजे ब्लॉक पाणी अडवतोय, म्हणजे जास्त फ्लो देणारा ब्लॉक हवा. "काहून थांबता भाऊ, नवा ब्लॉक टाकून मोकळे होऊ नं," त्यांनी फोनवरच सांगितलं. त्यांच्या निदानातला अर्धा भाग खरा होता. प्रवाह खरोखरच कमी होता.

समोरचे पर्याय

पाच पर्याय होते. जास्त प्रवाहाचा ब्लॉक घ्यायचा. किंवा बारीक खाचांचा, जास्त अडवणारा पण गार करण्यात चांगला म्हणून ओळखला जाणारा ब्लॉक घ्यायचा. तो सुमारे १२,००० रुपयांचा. दुसरा पंप जोडायचा. खोलीला एसी लावायचा. आणि स्टुडिओतल्या एका मुलाने सुचवलेलं: कूलर मागच्या खोलीत नेऊन थेट रेडिएटरवर मारायचा.

शेवटचा पर्याय मी लगेच नाकारला. डेझर्ट कूलरची हवा ओली असते, तिच्यासोबत खस-गवताचा कचरा आणि पाण्यातले क्षार येतात, आणि ते सगळं रेडिएटरच्या पात्यांत आणि बोर्डावर जाऊन बसतं. एसी हा चांगला पर्याय होता, पण दहा दिवसांत बसणारा नव्हता आणि ब्लॉकचा प्रश्न त्याने झाकला गेला असता, सुटला नसता. दुसरा पंप म्हणजे कारण न शोधता जोर वाढवणं.

पहिला निर्णय असा झाला की विकत काहीच घ्यायचं नाही, आधी मोजायचं. जास्त प्रवाहाचा एक ब्लॉक माझ्याकडेच होता, बारीक खाचांचा एक ओळखीच्या माणसाकडून चार दिवसांसाठी मिळाला. इथून पुढे जुन्या ब्लॉकला क, रुंद खाचांच्याला ख आणि बारीक खाचांच्याला ग म्हणतो.

तोवर काम थांबू नये म्हणून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वीज मर्यादा १४२ वरून १२० वॉटवर आणली. मालक नाराज झाले, "अजून हळू होईल की." झालं नाही. दुपारची फ्रेम ४४ मिनिटांचीच राहिली आणि तापमान ८८ वर आलं. प्रोसेसर ९० ला अडून आपणहून जेवढी वीज सोडत होता, जवळजवळ तेवढीच आम्ही आधी काढून घेतली होती.

मोजायचं काय

मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच वाटतो, म्हणून इथे थोडा थांबतो.

दुपारी ३९ डिग्रीच्या खोलीत प्रोसेसर ९० दाखवत होता आणि ३६ डिग्रीच्या खोलीतही ९०. मर्यादेला टेकलेला आकडा ब्लॉकबद्दल काहीही सांगत नाही, कारण उष्णता वाढली की चिप वीज कमी करते आणि आकडा तिथेच धरून ठेवते. त्यामुळे तुलना करायची तर चिप मर्यादेच्या खाली राहील एवढीच वीज द्यायला हवी, आणि प्रत्येक ब्लॉकला तेवढीच. १२० वॉटची मर्यादा तात्पुरती म्हणून आणली होती, ती पुढे मोजणीची अट झाली.

दुसरं, खोलीचं तापमान. नागपुरात संध्याकाळी सात आणि रात्री एक यात सात-आठ डिग्रींचा फरक पडतो. आज एक ब्लॉक लावला, उद्या दुसरा, आणि "हा पाच डिग्री गार आहे" असं म्हटलं तर ते हवामान मोजल्यासारखं होतं. म्हणून ब्लॉकच्या तोंडाशी पाण्याचं तापमान घेणारा सेन्सर बसवला, आणि प्रत्येक वेळी प्रोसेसर वजा पाणी एवढाच फरक वहीत लिहिला. रेडिएटर आणि खोली यांचा जो काही भाग आहे तो पाण्याच्या तापमानातच येऊन जातो. उरतो तो ब्लॉक, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधे लावायची उष्णतावाहक पेस्ट आणि चिप.

तिसरं, प्रवाह. चाकाच्या वेगावरून अंदाज बांधण्यापेक्षा फ्लो मीटर बसवला. पण स्वस्तातल्या मीटरवर कमी प्रवाहात माझा विश्वास नाही, म्हणून परतीची ट्यूब टाकीतल्या पाण्याच्या पातळीलाच धरून एक लिटरच्या मापात पाणी सोडलं आणि घड्याळ लावलं. जुन्या ब्लॉकसह, पंप पूर्ण वेगावर असताना, लिटर भरायला ५१ सेकंद लागले. म्हणजे तासाला ७० लिटर. एका डी५ पंपाने, एक ब्लॉक आणि एक रेडिएटर असताना, याच्या तिप्पट तरी द्यायला हवं होतं.

चौथं, बसवणी. एकच ब्लॉक काढून पुन्हा लावला तरी पेस्टचा थर आणि स्क्रूचा दाब बदलतो, आणि आकडा एक डिग्रीने इकडे-तिकडे होतो. प्रत्येक ब्लॉक तीनदा बसवायचं ठरवलं. दर वेळी अर्धा तास रेंडर, शेवटच्या दहा मिनिटांची सरासरी.

तीन ब्लॉक

क, आहे तसा: तासाला ७० लिटर, फरक ४२ डिग्री.

मग पाणी काढलं, जुन्या ट्यूब पिवळट आणि आतून धुरकट झाल्या होत्या म्हणून त्या बदलल्या, आणि ख बसवला. प्रवाह एकदम ३१० लिटर. टाकीतलं चाक भिरभिरायला लागलं आणि मालकांचा चेहरा उजळला. फरक ३१.५.

दुसऱ्या रात्री ग. प्रवाह साधारण २१०, फरक ३१. म्हणजे ख एवढाच. पुन्हा बसवला, तरी ३१. माझी खात्री होत चालली होती की बारीक खाचांचा एवढा बोलबाला उगाच आहे. तिसऱ्यांदा बसवायला ब्लॉक हातात घेतला तेव्हा बाजूला कोरलेला नखाएवढा बाण दिसला: मी पाणी उलट्या तोंडाने सोडत होतो. या जातीच्या ब्लॉकमध्ये पाणी आधी एका फटीतून खाचांच्या बरोबर मधोमध पडतं आणि मग दोन्ही बाजूंना वाटलं जातं. सगळ्यात गार पाणी सगळ्यात तापलेल्या जागी जावं, ही त्यामागची योजना. उलटं सोडलं की कडांकडून गरम होत आलेलं पाणी मधल्या भागाला मिळतं. तोंडं बदलली. प्रवाह २२५, फरक २८. पहिल्या दोन मोजण्या वहीत खोडल्या आणि आणखी दोनदा बसवून तीन पूर्ण केल्या.

मालकांचा प्रश्न रास्त होता: "पाणी जास्त तो ब्लॉक जास्त गरम? हे उलटंच झालं नं."

याचं उत्तर जुनं आहे. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीस या दोघांनी सिलिकॉनमध्येच केसाहूनही अरुंद खाचा कोरून त्यातून पाणी सोडलं, आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॉट उष्णता बाहेर काढली. तेव्हा तापमानवाढ ७१ डिग्री होती. संथ थरांनी वाहणाऱ्या पाण्यात खाच जितकी अरुंद तितकी भिंतीपासून पाण्यापर्यंतची उष्णतेची वाट छोटी, हे त्यांनी दाखवून दिलं. आजच्या सीपीयू ब्लॉकमधल्या खाचा त्यांच्यापेक्षा रुंद असतात, पण तत्त्व तेच. अरुंद खाचा पाणी अडवतात, कारण भिंती जवळ आलेल्या असतात, आणि त्या भिंती जवळ असतात म्हणूनच उष्णता चांगली घेतात. एकच गुण दोन्ही आकड्यांत दिसतो.

पण यावरून प्रवाहाला किंमत नाही असंही म्हणता येत नाही, आणि ते तपासायला आम्ही तिसरी रात्र घातली. पंपाचा वेग कमी करत दोन्ही ब्लॉक तासाला १५० लिटरवर आणले: ख ३३.५, ग २९. मग ग ला ६० लिटरपर्यंत खाली नेलं: ३२. म्हणजे २२५ वरून १५० वर आलो तर एक डिग्री गेली, १५० वरून ६० वर आलो तर तीन. खाली खाली जाताना उतार तीव्र होतो. आणि ६० लिटरवरचा ग हा ३१० लिटरवरच्या ख पेक्षा जरासा मागेच पडला. पंप दुबळा असता, किंवा त्याच पंपावर ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक आणि दुसरा रेडिएटर असता, तर मी ख कडे गंभीरपणे पाहिलं असतं. ब्लॉकची तुलना समान प्रवाहावरही करायला हवी आणि आपला पंप त्या ब्लॉकमधून जेवढा प्रवाह देऊ शकतो त्यावरही. पहिल्याने ब्लॉक कळतो, दुसऱ्याने आपल्याला काय मिळणार ते.

स्टुडिओतल्या मुलाची शंका नेमकी विरुद्ध बाजूची होती: पाणी हळू गेलं तर ते जास्त उष्णता घेणार नाही का? बऱ्याच जणांना असं वाटतं. हिशेब साधा आहे. १२० वॉट उष्णता तासाला ७० लिटर पाण्यात गेली तर ब्लॉकमधून जाताना पाणी सुमारे दीड डिग्रीने तापतं; २३५ लिटर असलं तर अर्ध्या डिग्रीहूनही कमी. हळू जाणारं पाणी जास्त तापून बाहेर पडतं एवढंच. दर सेकंदाला उष्णता तेवढीच बाहेर येते, आणि ब्लॉकमधलं सरासरी पाणी मात्र आधीपेक्षा गरम असतं.

जुना ब्लॉक उघडला

चौथ्या रात्री क टेबलावर घेतला. स्क्रू काढले, वरचं ॲक्रिलिकचं झाकण उचललं, ओ-रिंग (रबराचं कडं) आणि जेट प्लेट (खाचांवर पाणी सोडणारी फटीची पट्टी) ज्या दिशेने होत्या त्यांचा फोटो काढून ठेवला. आत खाचा दिसतच नव्हत्या. मधल्या फटीखालची सगळी जागा फिकट हिरवट-पांढऱ्या, बोटाला चिकटणाऱ्या थराने भरली होती. हा थर मऊ पारदर्शक ट्यूबमधून पाझरणाऱ्या प्लास्टिसायझरचा असतो. ट्यूब मऊ राहावी म्हणून तो प्लास्टिकमध्ये घातलेला असतो, गरम पाण्यात हळूहळू सुटतो, आणि लूपमधली, म्हणजे पाण्याच्या या सगळ्या फेऱ्यातली, सगळ्यात बारीक गाळणी म्हणजे ब्लॉकच्या खाचा, तिथे जाऊन बसतो. या लूपमधलं पाणी उन्हाळ्यात ४७ डिग्रीपर्यंत जात होतं. तीन उन्हाळे झाले होते.

थर तेलकट असल्याने कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण आणि मऊ टूथब्रश पुरला. ब्रश खाचांच्या दिशेनेच चालवायचा. सुई किंवा टाचणी घातली तर पाती वाकतात आणि वाकलेली पाती सरळ होत नाहीत. व्हिनेगर वापरलं नाही, कारण निकेलचा मुलामा. सिरिंजने पाणी मारून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन ब्लॉक बंद केला, हवेच्या पंपाने अर्धा बार दाब देऊन वीस मिनिटं ठेवला. काटा हलला नाही.

क, स्वच्छ, नव्या ट्यूबसह: तासाला २३५ लिटर, फरक २८.८.

निर्णय

ग चा २८ आणि स्वच्छ क चा २८.८. एकच ब्लॉक तीनदा लावला तर मिळणारा फरक याहून मोठा होता. १२,००० रुपये देऊन मोजता न येणारा फरक विकत घेण्यात अर्थ नव्हता.

मालकांना तरी ग हवा होता. समोर दिसलेला, कमी आकडा देणारा, नवा. मी त्यांना चिपची गोष्ट सांगितली. ५९५०एक्सच्या पोटात आठ-आठ कोअरचे दोन तुकडे आहेत, प्रत्येकी सुमारे ८१ चौरस मिलिमीटरचे. १२० वॉटपैकी शंभरेक वॉट एवढ्याशा जागेतून निघतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६० वॉटच्या आसपास. ती उष्णता आधी सिलिकॉन, मग सोल्डर, मग धातूचं झाकण, मग पेस्ट ओलांडते, तेव्हा कुठे ब्लॉकच्या तळाला पोहोचते. २८ डिग्रीतला मोठा वाटा पाण्याशी गाठ पडण्याआधीच खर्च झालेला असतो. ब्लॉक कितीही चांगला आणला तरी उरलेल्या वाट्यातूनच तो काही वाचवणार. ते ऐकून बराच वेळ वहीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "मग पाणीच गार करा."

तेच केलं. ब्लॉकच्या सगळ्या मोजण्या संपल्यावरच, म्हणजे कशाचा परिणाम कशाला लागला हा गोंधळ नको. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला होता आणि ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा ओढत होता. तो पुढच्या बाजूला, बाहेरची हवा आत घेणारा असा बसवला. पूर्ण भारात पाणी खोलीपेक्षा सात डिग्री गरम असायचं, ते पाचवर आलं.

मऊ पारदर्शक ट्यूब कायमच्या हद्दपार करून काळ्या ईपीडीएम रबराच्या घातल्या. आतलं पाणी दिसत नाही म्हणून मालकांना त्या आवडल्या नाहीत, पण त्यातून प्लास्टिसायझर सुटत नाही. फ्लो मीटर आणि पाण्याचा सेन्सर तिथेच राहू दिला. पाणी म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक द्रव. बॅटरीच्या दुकानात त्याच फळीवर आम्लाचे कॅनही असतात, तेव्हा लेबल वाचून घ्यावं हे स्टुडिओतल्या प्रत्येकाला दोनदा सांगितलं.

परिणाम

वीज मर्यादा परत १४२ वॉटवर नेली. दुपारी ३९ डिग्रीच्या खोलीत पाणी ४४, प्रोसेसर ७८. दुपारची फ्रेम रात्रीच्या फ्रेमएवढीच, ४१ मिनिटांत. काम मुदतीच्या एक दिवस आधी गेलं.

खर्च ट्यूब, फ्लो मीटर, सेन्सर आणि पेस्ट एवढाच झाला.

आज करायचं झालं तर

सगळ्यात आधी जुना ब्लॉक उघडीन. ७० लिटर हा आकडा पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातात होता आणि तो आकडाच सांगत होता की काहीतरी तुंबलंय. कुठलाही धडधाकट ब्लॉक डी५ पंपाला एवढा दाबत नाही. मी तुलनेच्या उत्साहात होतो, दोन चांगले ब्लॉक हाताशी आले होते, म्हणून तुलना आधी केली. त्यातून शिकायला खूप मिळालं, पण ते मालकांच्या मुदतीच्या चार रात्री खर्चून.

दुसरी चूक जास्त खटकते. ख बसवताना मी ट्यूबही बदलल्या. त्यामुळे ७० वरून २३५ वर गेलेल्या प्रवाहातला किती भाग ब्लॉक साफ झाल्याचा आणि किती जुन्या ट्यूब गेल्याचा, हे आता सांगता येत नाही. आतला थर पाहता बहुतेक भाग ब्लॉकचाच असणार, पण "असणार" हा शब्द वापरावा लागतोय. जुन्या ट्यूबवर स्वच्छ ब्लॉकची एक मोजणी, अर्ध्या तासाची, एवढंच हवं होतं.

एक गोष्ट करायची राहिली. या प्रोसेसरचे कोअरचे दोन्ही तुकडे झाकणाच्या मधोमध नसून ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला सरकलेले आहेत. ब्लॉक त्या बाजूला काही मिलिमीटर सरकवून बसवायच्या पट्ट्या मिळतात. तिन्ही ब्लॉक मी मधोमधच लावले, त्यामुळे ज्याच्या खाचांचा पट्टा जास्त रुंद त्याला थोडा फायदा मिळाला असेल. सरकवून लावल्यावर ख आणि ग मधलं अंतर कमी झालं असतं का, हे मला अजून पाहायचं आहे.

पुढच्या मेमध्ये त्या स्टुडिओतून फोन आला, तो मालकांचा नव्हता. कूलर रेडिएटरवर मारायला सांगणाऱ्या मुलाचा होता. मीटर २२८ दाखवतोय, १४२ वॉटवर फरक ३५, आणि पावसाळ्याआधी ब्लॉक उघडून बघू का, असं तो विचारत होता. जेट प्लेटचा फोटो आधी काढून ठेव, एवढंच त्याला सांगितलं.